गाण्यातली यमुना

मंजिरीने गाणं पुन्हा मागे नेलं. शंकाच नको. आवाज बाबांचाच होता, आणि कडव्याच्या शेवटी ते जीव ओतून हाक मारत होते, ‘यमुना’.

मंजिरीच्या आईचं नाव श्यामला.

गाणं पाठवलं होतं नॉटिंगहॅमच्या एका रेडिओवाल्याने. समर त्याचं नाव. एका जुन्या रिदम अँड ब्लूज गाण्याची जन्मकथा तो येत्या रविवारी रेडिओवर सांगणार होता. पहिल्यांदा ते अमेरिकेतल्या एका ट्रकवाल्याने गायलं, आपल्या लॉरेनसाठी. पुढे ज्याने ज्याने गायलं, त्याने तिथे आपल्या प्रेमाच्या माणसाचं नाव घातलं. तशी रीतच पडली. लंडनच्या पोरांनी सूझन घातली, जमैकाहून आलेल्या एका बस ड्रायव्हरने पर्ल. त्या ड्रायव्हरच्याच बस डेपोच्या बँडमध्ये मंजिरीचे बाबा, सतीश, गायचे. यमुना म्हणजे तुमची आईच ना, असं समरने फोनवर विचारलं, तेव्हा मंजिरी हो म्हणून मोकळी झाली होती.

बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आई आता रीडिंग गावात मंजिरीकडे राहत होती. भाजी चिरताना, चहा गाळताना, तिच्या तोंडी ‘ह्यांना हे आवडायचं’ एवढंच. तिच्यापाशी दुसरं उरलं तरी काय होतं?

संशय एकदा घरात शिरला की भांडीकुंडीही साक्ष देऊ लागतात. दर शनिवारी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून प्रॅक्टिसला जायचे. इस्त्री आईच करायची. पण तिला कधी सोबत नेलं नाही, की हे गाणं कधी घरात गुणगुणले नाहीत. बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या उदयकाकांना फोन केला, तर ते आधी खाकरले. ती कोण म्हणून विचारलं की सतीश लाजायचा, म्हणाले. गेलेल्या माणसाचं आता कशाला उकरतेस, बाळ.

समरला सांगून बाबांचं गाणं काढूनच टाकायला लावायचं, असं मंजिरीने ठरवलं. त्याआधी शेवटचं एकदा ऐकावं म्हणून हेडफोन काढून तिने बटण दाबलं. फोनमधून आवाज आलाच नाही. तो खालून आला. फोन स्वयंपाकघरातल्या स्पीकरला जोडला गेला होता.

ती धावत खाली गेली. आई मेथी निवडत होती. हात जागच्या जागी थांबले होते.

“आई, जुनं गाणं आहे गं. त्यात कुठलंही नाव घालतात.”

“कुठलंही कसं?” आई म्हणाली. “माझं माहेरचं नाव आहे ते. लग्नात सासूबाईंनी बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीने ‘श्यामला’ ह्यांनीच लिहिलं, सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. त्यानंतर हे मला नुसतं ‘अगं’ म्हणायचे.”

मंजिरी खुर्ची ओढून आईसमोर बसली. हे तू मला कधीच कसं सांगितलं नाहीस, असं तिने विचारलं.

“विचारलं कुणी?”

गाणं संपलं. आईने पदराला हात पुसले, आणि स्पीकरकडे वळून नीट बसली.

“परत लाव,” ती म्हणाली. “मघाशी मला ओ द्यायचं सुचलंच नाही.”