फलकावरचा मजकूर

“मी सही करणार नाही.” वेदवतीबाईंनी कागद परत सरकवला.

कुंभकोणमच्या तालुका कचेरीत रघूत्तमराव डोकं धरून बसले. साल होतं १९९२. पट्टीश्वरम्‌जवळच्या एका कारखान्यात भांड्यांना मुलामा देत आणि उरलेलं विषारी पाणी मागच्या जमिनीत सोडून देत. कारखाना बंद पडला, तरी आसपासच्या विहिरींचं पाणी पिवळंच राहिलं. भूजल, आरोग्य, शेती आणि महसूल या चार खात्यांचं एकमत करायचं काम रघूत्तमरावांच्या गळ्यात पडलं. त्यात चार वर्षं गेली. शेवटी ठरलं, की अकरा घरं पाडायची, विहिरी बुजवायच्या, कुंपण घालून धोक्याचा फलक लावायचा. दहा कुटुंबं आडुतुरैच्या नव्या वसाहतीत गेली. वेदवतीबाई तेवढ्या हलल्या नाहीत.

कचेरीत सगळे तमिळ बोलत. ही दोघं मात्र घरची जुनी तंजावरी मराठी बोलत.

“अम्मा, त्या पाण्यानं तुमच्या हातांची कातडी सोलवटली आहे. नवं घर पक्कं आहे. अजून काय हवं तुम्हाला?”

“काही नको.”

“मग अडलंय कुठं?”



“माझा जानकीराम तेरा वर्षांमागं बापाशी भांडून गेला. बाप वारला, तेही त्याला ठाऊक नाही. येईल तर त्या दाराशीच येईल. फार मानी आहे तो, रघूत्तमराव. घर दिसलं नाही तर कुणाला विचारायचा नाही. तसाच मागं फिरेल.”

रघूत्तमरावांनी फलकाचा मसुदा पुढं ओढला. “यावर तुमचा नवा पत्ता घालतो.”

“सरकारी फलकावर?”

“चारही खात्यांची मंजुरी लागेल. ती मिळते का बघतो.”

“आधी फलक लावा,” बाई उठत म्हणाल्या. “मग सही.”

त्याच दिवशी रघूत्तमरावांनी मसुदा तमिळमध्ये नव्यानं टाइप करवला. धोक्याच्या सूचनेखाली एक ओळ वाढवली: ‘जानकीरामा, अम्मा आडुतुरैच्या नव्या वसाहतीत, सात नंबरच्या घरात आहे.’ मसुदा चारही खात्यांकडं रवाना केला. साध्या स्वल्पविरामावर महिना महिना वाद घालणारे हे लोक. ही ओळ पहिल्याच टेबलावर उडणार, हे त्यांना दिसत होतं.

तेवीस दिवसांनी मसुदा परत आला. भूजल खात्यानं अंतराचा आकडा बदलला होता. आरोग्य खात्यानं ‘हानिकारक’ खोडून ‘विषारी’ केलं होतं. शेती खात्यानं एक अख्खं वाक्य कापलं होतं. महसूल खात्यानं सर्व्हे नंबर दुरुस्त केला होता. रघूत्तमरावांनी धीर करून नजर खाली नेली.

शेवटच्या ओळीतला एकही शब्द खोडलेला नव्हता. तिच्यापुढं कुणीतरी हिरव्या शाईनं दोन शब्द वाढवले होते: ‘लवकर ये.’