पावाची ग्वाग्वा

विल्बरने पलंगपोस पाद्र्याच्या झग्यासारखा पांघरला, चहाच्या किटलीत एक लाल फूल बुडवलं आणि अंगणात जमलेल्या सगळ्यांवर पाणी उडवलं.

"बाळाची आई कोण?"

"मी," नेलिदा म्हणाली. तिची खरी मुलगी पाठीवर शालीत बांधलेली, झोपेत. समोर टोपलीत पावाची, हातभर लांब, दुपट्यात गुंडाळल्यासारखी भाजलेली, रंगवलेल्या चेहऱ्याची. पेरूतल्या कुस्कोत दोघींनाही ग्वाग्वाच, म्हणजे बाळच, म्हणतात. जेवणाला उशीर झाला की रुसून बसणाऱ्या विल्बरलाही घरात तोच शब्द.

"आणि वहिनी, धर्ममाता कोण?"

इथे नेलिदा अडखळली. संतांच्या सणाला होणारा हा पावाचा बाप्तिस्मा गमतीचा, पण नातं खरं असतं; आज जिचं नाव घ्यायचं ती जन्माची जोडली जाते. शेजारच्या फोर्तुनाताबाई आठवडाभर एकच म्हणत होत्या: सोमवारी तुझी रजा संपते, शाळेत शिकवायला जाताना पोर माझ्याकडे ठेव. नेलिदाने आठ महिन्यांत सासूकडेसुद्धा पोरीला पाच मिनिटांवर सोडलं नव्हतं. आणि फोर्तुनाताबाई बाजारात कांदे विकायच्या. आवाज खणखणीत, हात राठ, स्वतःचं मूल नाही.

"अगं, बोल की! पाव शिळा व्हायचा," सासू म्हणाली.

"फोर्तुनाताबाई," नेलिदाच्या तोंडून निघून गेलं. पावाचंच तर आहे, तिने मनाशी म्हटलं.

टोपलीतली ग्वाग्वा या हातातून त्या हातात फिरली. सासऱ्यांनी तिला वर्तमानपत्रासारखी काखेत मारली. कुणी उलटी धरून हुंगली. फोर्तुनाताबाईंनी मात्र दोन्ही हात पुढे केले. एक तळवा मानेखाली, दुसरा कमरेखाली. मग उन्हाकडे पाठ केली आणि डोक्यावरची हॅट जरा पुढे ओढून तिच्या तोंडावर सावली धरली. कुणाचं लक्ष नव्हतं. नेलिदाचं होतं.

"हिचं नाव मारिया लोणीवाली, आईला जागवणारी," विल्बर पाद्र्यासारखा सूर लावून म्हणाला. "धर्ममाते, हिचे लंगोट बदलशील? हिच्या काकाला बिअर पाजशील?"

"लंगोट बदलीन. काकाने आपलं आपण बघावं."

हशा पिकला. विल्बरने सुरी पुढे केली. "चला, कापा आता."

"थांब रे मेल्या," फोर्तुनाताबाई म्हणाल्या. त्यांचा एवढा हळू आवाज गल्लीत कुणी ऐकला नव्हता. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

सगळे पोट धरून हसले. नेलिदा हसली नाही. तिने शालीची गाठ सोडली, पोरीला पुढे घेतलं.

"ती इकडे द्या," ती म्हणाली. "आणि ही धरा."

पोर जागी झाली, त्या नव्या चेहऱ्याकडे टकामका बघत राहिली. मग फोर्तुनाताबाईंच्या वेणीचा शेंडा मुठीत धरून तिने पुन्हा डोळे मिटले.

नेलिदाने बाकावर बसून भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि पावाचा एवढा मोठा लचका तोडला, की सासू ओरडली, "अगं, आम्हाला ठेव!"