सव्वाआठचा माणूस

"एका माणसासाठी प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायची, काका? एका माणसासाठी?" निकितानं लॅपटॉप फिरवून पुंजारामकाकांच्या पुढ्यात धरला.

पडद्यावर महिन्याभराची नोंद होती. बियाण्याच्या पानावर नव्या ब्राउझरमधून साडेचार हजार जण आलेले. जुन्यातून एकच. गाव दिसत नव्हतं, वेळ दिसत होती. रोज सकाळी सव्वाआठला यायचा, पान वरपासून खालपर्यंत बघायचा आणि जायचा.

"दिवाळीच्या दिवशीसुद्धा आलाय बघा!"

"मग? माणूसच हाय ना?" काका म्हणाले.

सातपूरला लेथच्या वर्कशॉपच्या माडीवर दीपकचं हे ऑफिस. खालून लोखंड कातल्याचा आवाज, वरून या दोघांचा. डोंगराकडच्या भात-नागलीवाल्यांनी कुठलं बियाणं हवं ते ज्या पानावर नोंदवायचं, ते पान काकांनीच सतरा वर्षांपूर्वी बांधलं होतं. आता काका बासष्टचे. दीपकनं त्यांना आठवड्यातून तीन दिवस ठेवलं होतं, ते पान जुन्या ब्राउझरवरही नीट चालतं ठेवायला. ते काम बंद झालं की काकांचं येणंही बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडानं बोलत नव्हतं. मुलगा बडोद्याला, काकू गेल्याला दोन वर्षं झालेली. घरी भांडायला तरी कोण होतं?

निकिता सव्वीसची, वणीची, आणि एकदा हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. तरी तिच्या डब्यातली पहिली पोळी काकांच्या झाकणात जायची. भांडण वेगळं, डबा वेगळा.

"मानक म्हणजे काय, काका? सगळ्यांनी बसून ठरवलेला नियम. तो पाळला की पान कुठंही उघडा, सारखंच दिसतं. तुमचा हा म्हातारा ब्राउझर नियम पाळतच नाही, त्याला मी काय करू?"

"मला शिकव आता! अगं, पानावरच्या चौकटीची रुंदी मोजताना कड आत धरायची की बाहेर, यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलोय. ज्या ब्राउझरला सगळ्यांनी चुकीचं ठरवलं, तो कड आत धरायचा. आणि आज तू कुठं धरतेस?"

निकिताला हसू आलं. "आतच धरते. पण नियमात बसवून धरते."

"म्हणजे आमची चूक हा तुमचा नियम झाला. वा रे वा!"

आवाज ऐकून दीपक बाहेर आला. पानाची नवी आवृत्ती शुक्रवारी निघायची होती, त्याला एकदाचा निकाल हवा होता. "काका, हा जुन्या ब्राउझरवाला आहे तरी कोण?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "सुरगाण्याचा हाय. मंगळू भोये. बियाण्याचं केंद्र चालवतो. जुना संगणक, त्याच्यावर नवं काही चढतच नाय. लय गरीब माणूस."

"मग सोपं आहे," निकिता म्हणाली. "उद्या मी वणीला घरी चाललेच आहे. तिथून जीपनं सुरगाणा गाठते. नवा ब्राउझर चढतो का बघते, नाहीच चढला तर आपला जादा लॅपटॉप देऊन येते. नंबर द्या त्यांचा."

"त्याला रेंज नसते. आणि कशाला उगाच दगदग, घाटाचा रस्ता हाय..."

"अहो, मी काय पहिल्यांदा जीपमध्ये बसतेय?"

दीपकनं मान डोलावली.

दोन दिवस त्यांना चैन पडेना. पोरगी एकदा सुरगाण्यात उतरली की खेळ खलास. कुठून तिला गावाचं नाव सांगितलं, म्हणून त्यांनी स्वतःलाच शिव्या घातल्या. गुरुवारी टेबलाचा खण आवरायला घेतला. सतरा वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं, तेव्हा मात्र त्यांना फार वाईट वाटलं.

शुक्रवारी निकिता उशिरा आली. जीपची धूळ अजून सॅकवर होती.

"भेटला का मंगळू?" दीपकनं विचारलं. काका खणातच डोकं घालून बसले.

निकितानं त्यांच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. "भेटले ना! काका म्हणाले तसंच आहे, सर. त्या संगणकावर नवं काही चढत नाही. लॅपटॉप देऊ केला तर नको म्हणाले, जुन्यावर हात बसलाय. आपण बंद केलं तर त्यांचं फार अडेल."

"आणि तुझं मानक?"

"लिहीन की दोनदा! काका आहेत ना मदतीला."

"कमाल आहे तुमची," दीपक हसला. "राहू दे मग. काका, तुम्ही आहात तोवर जुनं चालू." आणि तो आत गेला.

निकितानं सॅकमधून नागलीच्या पापडांचं पुडकं काढून काकांच्या हातात ठेवलं. "मंगळूदादांनी दिलेत तुमच्यासाठी. आणि सांगितलंय, की सकाळी सव्वाआठला उपाशीपोटी संगणकापुढे बसत जाऊ नका."

काकांना हुंदका आवरेना, कारण मंगळू भोये नावाचा कुणी माणूसच नव्हता. दोन वर्षं रोज सकाळी घरच्या जुन्या संगणकावर ते पान उघडत होते ते काका स्वतः.