अर्धं मिनिट

सरांच्या अधू डोळ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून मृण्मयीने काचेवरची दगडाची पातळ चकती आणखी अर्धं मिनिट घासली, आणि काचेवर काहीच उरलं नाही. मघाशी सूक्ष्मदर्शकाखाली तिने स्पंज या समुद्री जीवाचे दगड झालेले काटे पाहिले होते. जगातल्या पहिल्यावहिल्या प्राण्यांपैकी एकाचे. ‘यात प्राणी आहे’ म्हणत, लोक हसले तरी, सरांनी तो दगड चाळीस वर्षं जपला होता. दुसरा तुकडा नव्हता.

सर रिक्षाने आले. रिकामी काच त्यांनी उजेडासमोर धरली.

“सर, खरंच होते.”

“कसे होते? काढून दाखव.”

तिने कागदावर काटे काढले. सरांनी कागद डोळ्यांशी नेला.

“असेच असणार, असं मला वाटायचं,” ते म्हणाले.

कागदाची घडी त्यांनी खिशात ठेवली. मग नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं : काहीही आढळले नाही.