काटा
उधन्यातल्या रंगाईच्या कारखान्यात श्रीपत बॉयलर सांभाळायचा. धोक्याचा भोंगा मालकाने दुरुस्त केला नाही, म्हणून श्रीपतने बॉयलरच्या दाबाच्या काट्यासमोर जुना मोबाइल टांगला. तो दर काही मिनिटांनी काट्याचा फोटो काढायचा आणि ते फोटो आपोआप घरच्या कॉम्प्युटरवर, सर्व्हरवर, जायचे. मुलगी नीलम लक्ष ठेवायची. दुपारपासून फोटो थांबले. तिने शेअरिंग तपासलं, परवानग्या पाहिल्या. सर्व्हरची डिस्कच गच्च भरली होती. तिने स्वतःच्या लग्नाचं चित्रीकरण पुसलं. अडकलेले फोटो भराभर उतरले. प्रत्येकात काटा लाल रेषेजवळ सरकत होता. शेवटच्यात पलीकडे गेला होता. तिने फोन लावला. "बाबा, बाहेर पडा! काटा रेषेपलीकडे गेलाय!" "आत चौघं आहेत बेटा. त्यांना काढतो." फोन चालूच राहिला. एकेकाला नावाने मारलेली हाक दूर जात होती. तिघांनी ओ दिली. चौथ्याचं नाव श्रीपत पुन्हापुन्हा घेत राहिला, मग वाफेच्या फुत्कारात त्याचा आवाज बुडाला.