यल्लव्वाला जामीन

वडारवाडीत बँकेचं यंत्र आलं होतं. त्याला कागद लागत नव्हते की तारण. ओळखीच्या माणसाचा शब्द पुरे. बोलणारा मनापासून बोलतोय का, हे ते आवाजावरून ओळखायचं.

यल्लव्वाला दगड कापायचं मशीन घ्यायचं होतं. जामीन राहायला सासू पुढे झाली, तशी यल्लव्वा दोन पावलं मागे सरली. सासूनं आजवर तिचं कधी कौतुक केलं नव्हतं.

"ही कर्ज फेडेल?" यंत्रानं विचारलं.

"फेडंल की! माझा ल्योक गेल्यावर हिनंच घर उभं ठेवलं. पोटच्या पोरीपरीस हिचा भरवसा हाय मला."

"शब्द खरा आहे," यंत्र म्हणालं. "कर्ज मंजूर."

यल्लव्वाला यंत्राचं 'शब्द खरा आहे' एवढंच ऐकू आलं. सगळ्या वाडीदेखत ती ताठ मानेनं सासूशेजारी जाऊन उभी राहिली.