ऑर्विलच्या चिठ्ठ्या

“ही चिठ्ठीसुद्धा चूक,” व्हर्जिल क्रांट्झ म्हणाला आणि त्यानं रिव्हॉल्व्हर टेबलावरच्या पंच्यावर ठेवलं. “सन बावन्न म्हणे! इकडं बघ, लॉरीन.” त्यानं गोळ्यांची फिरकी बाजूला काढली आणि आत ठोकलेला आकडा बोटानं दाखवला. “सतरा. कारखान्यानं मॉडेलला नंबर द्यायला सुरुवात केली ती सत्तावन्नात. त्याआधी नुसती नावं असायची. हे पोर आजोबांची टोपी घालून बसलंय.”

“मग किंमत उतरणार?”

“उतरणारच.”

लॉरीननं वहीत लिहून घेतलं. ऑर्विलला, तिच्या नवऱ्याला, जाऊन पाच महिने झाले होते; त्याचा संग्रह विकण्याआधी तपासायला तिनं व्हर्जिलला बोलावलं होतं. खिडकीबाहेर सोयाबीन पिवळं पडलं होतं. आत टेबलावर त्याची बत्तीस रिव्हॉल्व्हरं ओळीनं निजली होती. निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी घडवलेली, निळसर काळ्या पोलादाची, अक्रोडी मुठींची. प्रत्येकाच्या चापाच्या कडीला ऑर्विलच्या गोल अक्षरातली जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी. नाव, साल, किंमत.

ओहायोतल्या त्यांच्या, जुनी रिव्हॉल्व्हरं जमवणाऱ्यांच्या क्लबात एक रीत होती. चुकीची चिठ्ठी दिसली की तिथंच, सगळ्यांदेखत, मोठ्यानं सांगायचं. माल कुणाचा का असेना. व्हर्जिल ही रीत चाळीस वर्षं चवीनं पाळत आला होता. शेतकरी, निवृत्त पोस्टमन, शाळामास्तर, साऱ्यांची त्यानं भर सभेत सालटी काढली होती. एक ऑर्विल तेवढा सुटला होता. तो क्लबात एखाददुसराच नग आणायचा आणि त्याची चिठ्ठी नेमकी बरोबर असायची.

कुणाकडून तरी लिहून घेत असणार, व्हर्जिलला आज उमगलं.

“तुझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षं केलं काय गं?” तो म्हणाला. “भिंगातून माशा बघितल्या?”

“मला यातलं ओ की ठो कळत नाही बाबा,” लॉरीन म्हणाली. “तू सांगशील ते लिहिते. मक्याचा पाव घे ना. गार होतोय.”

व्हर्जिलनं पाव मोडला. साल चूक, नाव चूक, नळीची लांबीसुद्धा चूक; आणि प्रत्येक चूक मालाला फुगवून दाखवणारी. तो एकेक फुगा टाचणीनं फोडत गेला आणि प्रत्येक वेळी त्याच्या छातीत गार झुळूक वाहून गेली. माल मात्र जातिवंत होता. एकेक नग रात्रभर उशाशी घेऊन निजावं असा. आणि तो असल्या अडाण्याच्या घरी नांदला होता!

एकोणिसावं रिव्हॉल्व्हर त्यानं उचललं. चिठ्ठीवर होतं: के-बावीस आउटडोअर्समन, सन छत्तीस.

नेम धरायच्या मागच्या खाचेला बारीक स्क्रू असतो. सवयीनं त्यानं तो नाण्याच्या कडेनं फिरवला.

टिक. टिक.

व्हर्जिलचा हात थांबला.

छत्तीस सालच्या नगाचा स्क्रू मुका असतो. टिकटिकणारी खाच आली चाळीस साली, आणि तिच्याबरोबर नवं नाव आलं: मास्टरपीस. त्या वर्षात जेमतेम हजारभर निघाले, मग कारखाना युद्धाला जुंपला गेला. व्हर्जिलच्या घरी काचेच्या कपाटात हिरव्या मखमलीवर या घराण्याची सगळी भावंडं होती. मधली एक खोबण तेवढी तीस वर्षं रिकामी. दर वर्षी क्लबात ऑर्विल पाठीवर थाप मारून विचारायचा, “काय व्हर्जिल, भरली का रे खोबण?” आणि हसायचा.

“कसला आवाज रे?” लॉरीननं विचारलं.

“काही नाही. म्हातारं झालंय. स्क्रू सैल झालाय.”

“आणि चिठ्ठी?”

बाहेर कुठंसा ट्रॅक्टर सुरू झाला. व्हर्जिलनं कॉफीचा घोट घेतला.

“चिठ्ठी बरोबर आहे.”

“बरोबर?” तिनं पेन्सिल खाली ठेवली. “सकाळपासून एक बरोबर निघाली नाही.”

“एवढ्या चुकांत एखादी चुकून बरोबर यायचीच.”

लॉरीनचा हात एप्रनच्या खिशात गेला. खिशातून एका लांब पाकिटाची कड डोकावत होती. तिनं ती अंगठ्यानं चाचपली.

“पुन्हा एकदा विचारते, व्हर्जिल. या नगाबद्दल मला सांगण्यासारखं काहीच नाही?”

“अगं बाई, काहीच नाही. आठवण म्हणून हे एक मी नेतो. चिठ्ठीवर आहे तेवढी किंमत घे. बाकीचं कुणी भोळा भेटला तर त्याच्या गळ्यात मार.”

तिनं पाकीट पुन्हा खोल ढकललं, रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून दिलं आणि दारापर्यंत पोचवायला आली.

“चिठ्ठी घरी गेल्यावरच सोडव हं. तशी त्याची इच्छा होती.”

मेल्यावरही नखरे, व्हर्जिल मनात म्हणाला.

दुपारच्या उन्हात त्यानं कपाट उघडलं. पाळण्यात बाळ ठेवावं तसं रिव्हॉल्व्हर खोबणीत निजवलं. तीस वर्षांची भूक निवली. मग दोरी कापून त्यानं ती अडाणी चिठ्ठी कचऱ्यात टाकण्यासाठी मधोमध फाडली. पुठ्ठा दुपदरी निघाला. चिकटवलेले दोन्ही पदर सुटले आणि आत तीच गोल अक्षरं होती.

“के-बावीस मास्टरपीस, सन चाळीस. व्हर्जिल, तू हे ओळखशील याबद्दल मला कधीच शंका नव्हती. खोबण भरली, अभिनंदन. बाकीच्या एकतिसांचं तुझ्या नावाचं बक्षीसपत्र मी लॉरीनजवळ देऊन ठेवलंय. तू तिला फक्त हे एक नाव खरं सांगायचं होतंस.”